मान्य यादीबाहेरचा शब्द

प्रणव डुबलने आपल्या कामातून एक शब्द मुद्दाम गाळला होता. विसरून नव्हे, घाईगडबडीत नव्हे. समोर आलेला, सहकारी बाईने बोट ठेवून दाखवलेला शब्द त्याने स्वतःच्या हाताने बाजूला सारला होता. पुढे जे काही झालं ते त्या एका शब्दापायी. तो शब्द होता 'घाट'.

तसा प्रणव चारचौघांसारखाच. कऱ्हाडला तिसऱ्या मजल्यावर घर, बायको वृषाली, आणि 'स्वरकोठी' या संस्थेत अभियंत्याची नोकरी. काम असं, की कुणी विचारलं तर अभिमानाने सांगावं. स्वरकोठी लोकांचे आवाज सांभाळून ठेवायची.

घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढलं की माणूस कायमचा मुका व्हायचा, ते दिवस आता मागे पडले होते. ऑपरेशनच्या आधी रुग्ण आठवडाभर रोज दोन-तीन तास बसून नुसता बोलायचा. गप्पा, शिव्या, अंगाई, काय सुचेल ते. त्यावरून संगणक त्याच्या आवाजाचं प्रतिरूप तयार करायचा. ऑपरेशननंतर गळ्याला चार बोटं रुंदीची कंठपट्टी बसायची. आवाज गेला तरी माणूस बोलू पाहतो तेव्हा मानेचे स्नायू हलतातच. पट्टी ती हालचाल टिपून कोठीकडे धाडायची, कोठीतलं प्रतिरूप तिचा आवाज बनवायचं आणि तो पट्टीतल्या छोट्या स्पीकरमधून बाहेर पडायचा. हे सगळं इतक्या झटपट, की समोरच्याला पट्टी दिसली नाही तर कळूही नये.

पण हे झटपट व्हायला कोठी जवळ हवी. एवढं मोठं प्रतिरूप गळ्यातल्या पट्टीत मावत नाही, आणि त्याच्या चार नकला चार ठिकाणी ठेवायलाही बंदी. मधल्या काळात दुसऱ्याच्या आवाजात बोलून लोकांना फसवण्याचे इतके प्रकार झाले, की सगळ्या देशांनी मिळून नियम केला: एका माणसाचा आवाज जगात एकाच ठिकाणी राहील. तेव्हा ते ठिकाण कोणतं, हाच कळीचा प्रश्न.

आवाज रुग्णालयातून कोठीपर्यंत नेणाऱ्या प्रणालीला 'वाहिनी' म्हणत. जुन्या वाहिनीत साठवणीचं ठिकाण एकच, मुंबई, आणि तेही प्रणालीच्या पोटात सतरा जागी कोरून ठेवलेलं. मग कोकणात, कोल्हापुरात, नागपुरात, शिवाय परदेशातही कोठ्या उघडल्या. ठिकाण लवचीक करायला हवं होतं. ते काम प्रणवने केलं आणि झकास केलं. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत एकच प्रश्न टाकला: 'यापुढे तुम्ही कुठे राहणार?' उत्तर मोकळं. ठरावीक खुणा नाहीत, आकडे नाहीत. लोक बोलतात तसं लिहू द्या, वाहिनी समजून घेईल, असं तो बैठकीत छाती फुगवून म्हणाला होता. वाहिनीला समजावं म्हणून त्याने शब्दांची यादी केली. 'कोकण', 'तळकोकण', 'मालवणाकडे' म्हटलं की रत्नागिरीची कोठी. 'देश', 'देशावर', 'कऱ्हाडकडे', 'साताऱ्याला' म्हटलं की कोल्हापूरची.

नाझनीन मुल्ला त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. यादी तपासणं तिचं काम.

"यात घाट नाही," ती म्हणाली. "कोकणातली माणसं आपल्याकडे यायचं म्हटलं की देशावर म्हणत नाहीत. घाटावर म्हणतात."

"ते बोलण्यातलं झालं."

"तूच म्हणालास ना, बोलतात तसं लिहू द्या?"

"असल्या शब्दाला यादीत जागा नाही," प्रणव म्हणाला. आवाज जरा चढलाच त्याचा.

नाझनीनने खांदे उडवले. "बरं. मग न ओळखलेला शब्द आला तर वाहिनीने थांबावं. माणसाला विचारावं."

"थांबली तर लवचीक कसली? यादीत नसेल तर जगात जिथे जागा स्वस्त तिथे ठेवेल. पुढे हलवता येतं."

हे शेवटचं वाक्य तेव्हा खरं होतं. सहा महिन्यांनी ते खरं राहिलं नाही.

आता 'घाट' या शब्दाने प्रणवचं काय घोडं मारलं होतं? अठराव्या वर्षी तो रत्नागिरीला शिकायला गेला तेव्हा वसतिगृहात पहिल्याच दिवशी त्याचं नाव पडलं घाटी. त्याच्या बोलण्याला हसायचे, जेवणाला हसायचे, आंघोळीच्या रांगेतसुद्धा 'ए घाटी, मागे हो'. चार वर्षं तो हसण्यावारी नेत राहिला आणि आतून जळत राहिला. पुढे कणकवलीची वृषाली त्याच्या प्रेमात पडली, लग्न झालं, आणि मांडवात तिच्या आत्याने कौतुकाने म्हटलं, "घाटावरचो जावय गावलो गो!" सगळे हसले. प्रणवही हसला. पण ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. आपल्या यादीतून तो शब्द गाळताना त्याला एक बारीकसा आनंद झाला होता, आणि तो त्याने कुणालाच सांगितला नव्हता.

वृषालीचे वडील भालचंद्र मेस्त्री एसटीत कंडक्टर होते. कणकवली ते कोल्हापूर, तीस वर्षं. तोंडाने असे तिखट की प्रवासी मुद्दाम त्यांची गाडी धरायचे. सुटे नाहीत म्हणणाऱ्याला, खिडकीवरून भांडणाऱ्याला, उगाच घंटी ओढणाऱ्याला मामांचं उत्तर तयार असायचं आणि सगळी गाडी खदखदायची. प्रणव त्यांना मामा म्हणायचा आणि त्यांना थोडा घाबरायचा.

तंबाखूने मामांचा घसा नेला. गावाजवळच्याच एका धर्मादाय रुग्णालयात त्यांचा आवाज साठवला, ऑपरेशन झालं, पट्टी बसली. मामी आधीच गेलेल्या. एकट्याने गावात राहायचं नाही म्हणून वृषालीने त्यांना कऱ्हाडला आणलं.

पहिल्या दिवशी जेवताना प्रणवने विचारलं, "मामा, आमटी तिखट झाली का?"

मामांचे ओठ हलले. आवाज आला नाही. प्रणवला वाटलं ते घास चावतायत. "आणखी भात?" त्याने विचारलं, आणि त्याच क्षणी मामांचा तो सबंध गाडी हसवणारा आवाज म्हणाला, "तिखट कसली, तुमच्याकडे मिरची पण लाजता."

कुणी हसलं नाही. विनोद भाताच्या उत्तरासारखा पडला आणि वाया गेला. मामांनी ताटाकडे पाहिलं.

दीड सेकंद. एवढाच उशीर. ऐकायला काहीच नाही. पण दोन माणसांच्या बोलण्यात दीड सेकंद म्हणजे मोठं भगदाड असतं. त्यात दुसरा माणूस आपलं बोलणं सुरू करतो, विषय बदलतो, तोंड फिरवतो. ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. खालच्या बागेत संध्याकाळी जमणाऱ्या म्हाताऱ्यांनी आठ दिवसांत ठरवून टाकलं की मेस्त्रींच्या डोक्यावर परिणाम झालाय. ते त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले. भाजीवाली त्यांना सोडून वृषालीला विचारू लागली. मामा एकदा भांडायला गेले, पण भांडणात दीड सेकंद मागे राहणारा माणूस हरतोच. मग त्यांनी पट्टी दुपारची काढून ठेवायला सुरुवात केली. हळूहळू सकाळचीही.

"घरचं नेटवर्क असेल," प्रणव वृषालीला म्हणाला.

"मग बघ ना," ती म्हणाली. "तुझंच तर काम आहे."

त्याने ऑफिसात जाऊन मामांची नोंद उघडली. साठवणीच्या ठिकाणी उत्तरेकडच्या एका थंड देशाचं नाव होतं, जिथे यंत्रं गार ठेवायला खर्च लागत नाही म्हणून जागा स्वस्त. तिथवर जाऊन यायला खरं तर पाव सेकंद पुरेसा होता. पण त्या देशाने मधल्या काळात नवा कायदा केला होता. आवाज, चेहरा, बोटांचे ठसे असं जे जे माणसाच्या अंगचं, त्याची वेशीवर दर वेळी झडती. मामांचं प्रत्येक वाक्य तिथे रांगेत उभं राहून, तपासून घेऊन कऱ्हाडला परतत होतं.

प्रणवने खाली पाहिलं. 'यापुढे तुम्ही कुठे राहणार?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं: 'घाटार, चेडवाकडे.' घाटावर, मुलीकडे.

त्याने सगळ्या नोंदींत तो शब्द शोधला. घाटार, घाटावर, घाट, घाटाक. तीनशे बारा माणसं. बहुतेक त्याच रुग्णालयातली आणि नोंदणी बहुतेक एकाच सेविकेची, सुगंधा पेडणेकर हिची. बाई रुग्णाला प्रश्न विचारायची आणि तो जे बोलेल ते अक्षर न बदलता लिहायची. प्रणवच्या सूचनापत्रात तसंच लिहिलं होतं.

चौकशी चारच दिवसांत लागली, कारण तक्रारी इतरही आल्या होत्या. विभागप्रमुख कर्णिक मॅडमनी त्याच्यासमोर अहवालाचा नमुना ठेवला. कारणाच्या रकान्यात दोन चौकोन होते: साठवणाऱ्याची चूक, नोंद भरणाऱ्याची चूक.

"वाहिनी तुझी आहे, तूच भर," त्या म्हणाल्या. "वाहिनीत काही खोट नाही ना?"

"नाही," प्रणव म्हणाला.

त्याने दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि खाली लिहिलं: 'नोंदणीसेविकेने मान्य यादीबाहेरचा शब्द वापरला.' वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सही करताना त्याने हे स्वतःला दोनदा बजावलं. पलीकडे नाझनीन बसली होती. तिने वर पाहिलं नाही, आणि त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली.

पंधरा दिवसांनी त्या थंड देशाचं उत्तर आलं. आवाज परत मागण्याचे त्यांचे दोन नियम होते. साठवणाऱ्याने चूक कबूल केली असेल तर महिन्याभरात परत. नोंद भरणाऱ्याने तसं भरलं असेल तर ती रुग्णाची निवड समजली जाईल आणि ती सात वर्षं बदलता येणार नाही. चोरांनी लोकांचे आवाज देशोदेशी फिरवू नयेत म्हणून केलेला हा नियम. अहवालात दुरुस्ती करायची असल्यास मुदत तीस दिवस.

सात वर्षं. मामा एकाहत्तरचे होते.

प्रणवने पत्र वाचलं, घडी केली, खणात ठेवलं. दुरुस्ती करायची तर नोकरी जाणार, निदान नाव तरी. तो रोज सकाळी ठरवायचा की आज कर्णिक मॅडमकडे जायचं, आणि रोज काहीतरी काम निघायचं. माणसाला काम काढायचंच असेल तर ते निघतंच. असे बावीस दिवस गेले.

तेविसाव्या दिवशी रविवार होता. दुपारी मामा गॅलरीत बसून सुपात कुळीथ निवडत होते, वृषाली बाजूला शाळेच्या वह्या तपासत होती. मामांनी बऱ्याच दिवसांनी गळ्याला पट्टी लावली होती. प्रणव आला तसं त्यांनी सूप खाली ठेवलं.

ओठ हलले. प्रणव थांबला. आता थांबायची सवय झाली होती.

"जावयबापू, तुमका एक सांगूचा आसा," आवाज आला. "माका गावचो फोन इल्लो. सुगंधाक टेबलावरसून काढल्यानी. आता ती रुग्णांचे पट्टे धुता. लोक म्हणतत, हिनाच आमचे आवाज भायर धाडल्यान."

प्रणव त्यांच्यासमोर खाली बसला.

"तिची चूक नाय. तिना विचारल्यान, मामा, आता खय रवतलास? मी सांगलंय, घाटार, चेडवाकडे. ता तिना लिवल्यान. शब्द माजो." मामांनी हात जोडले. त्या माणसाने जन्मात कुणापुढे हात जोडल्याचं प्रणवने पाहिलं नव्हतं. "तुमच्या हापिसात माजा नाव सांगा. म्हाताऱ्याक कळला नाय, म्हणा. पोरीक सोडूक सांगा."

प्रणवला वाटलं, आपल्याला कुणी भर बाजारात उघडं केलंय. बघणारं कुणी नव्हतं, फक्त दोन माणसं, आणि त्यातल्या एकाने हात जोडले होते.

"मामा, हात खाली घ्या," तो म्हणाला. "तुमची चूक नाही. तिचीही नाही. तो शब्द मी गाळला. यादी माझी होती. मला सांगितलं होतं की हा शब्द घाल, आणि मी घातला नाही. आणि चौकशीत मी तिच्यावर ढकललं."

वृषालीचं लाल पेन थांबलं. "कधी?"

"महिना झाला."

"महिनाभर तू यांच्यासमोर जेवतोयस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. वह्या उचलल्या आणि ती आत गेली.

मामांनी खाली ठेवलेलं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. का गाळलास, असं त्यांनी विचारलं नाही. त्याबद्दल प्रणवला सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याची लगेच शरमही वाटली.

"ह्या माका सांगून काय उपेग?" मामा शेवटी म्हणाले. "तिका सांगा."

सोमवारी प्रणवने पहिल्या चौकोनात खूण करून अहवाल कर्णिक मॅडमच्या पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "तुला निलंबित करावं लागेल." तो हो म्हणाला. जाताना नाझनीनच्या टेबलाशी थबकला आणि तसाच पुढे गेला. तिला सगळं आधीपासून माहीत होतं.

बुधवारी तो मामांना घेऊन रुग्णालयात गेला. त्या दिवशी घाटावर राहणाऱ्या रुग्णांची महिन्याची तपासणी असे. सुगंधा मागच्या खोलीत नळाखाली पट्ट्या धूत होती. चाळिशीची, बारीक चणीची बाई. मामांना पाहून हसली, आणि प्रणव कोण ते कळल्यावर हसू पुसलं.

प्रणवने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. अहवाल बदलला, महिन्याभरात आवाज परत येतील, तुमचं नाव निघालं, मला माफ करा.

सुगंधाने पदराला हात पुसले. "झाला सांगून?"

"हो."

"माका एकटीक न्हाणीत सांगून जातलास? भायर चाळीस माणसां बसलीत. महिनोभर माज्याकडे बघून थुकतत. त्यांका कोण सांगतला?"

तिने दार उघडलं आणि बाजूला झाली.

बाहेरच्या लांब खोलीत बाकांवर माणसं बसली होती. म्हातारे जास्त, काही बायका, दोघंतिघं तरुण, सगळ्यांच्या गळ्याला पट्ट्या. मामा जाऊन त्यांच्यातच एका बाकाच्या टोकाला बसले. प्रणव पुढे उभा राहिला. त्याने घसा खाकरला. आपल्याला घसा आहे, हेही त्या खोलीत त्याला लाजिरवाणं वाटलं.

"मी प्रणव डुबल, स्वरकोठीतला," तो म्हणाला. "तुमचे आवाज या बाईंनी बाहेर पाठवले नाहीत. त्यांनी तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. तुम्ही म्हणालात घाटावर. तो शब्द मी मुद्दाम यादीत घेतला नाही, म्हणून तुमचे आवाज परदेशी गेले. आणि नंतर मी खोटं लिहून दिलं की चूक यांची आहे."

चाळीस तोंडं एकदम हलली. आवाज नव्हता. त्याच्या डोळ्यांदेखत ती माणसं ओरडत होती, विचारत होती, एक बाई उठून उभी राहिली होती, आणि खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. काय येणार आहे ते त्याला दिसत होतं आणि ते येईपर्यंत त्याला तिथे उभं राहायचं होतं.

मग सगळं एकदम आलं. शिव्या आल्या, रडणं आलं, मुलगा तुटलेला एक म्हातारा माजो झील माज्याशी बोलणा नाय म्हणाला. पण सगळ्यात जास्त वेळा, चहूकडून, एकच शब्द आला. "कित्याक?" का?

ते त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. वृषालीला नाही, कर्णिक मॅडमना नाही. त्याने मामांकडे पाहिलं. मामांनी मान खाली घातली नव्हती.

"कॉलेजात मला घाटी म्हणायचे," प्रणव म्हणाला. "मला तो शब्द लागायचा. म्हणून."

आपलं कारण केवढंसं आहे ते त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो उत्तराची वाट बघत राहिला. दीड सेकंद गेला, दोन गेले, दहा गेले. मग त्याच्या लक्षात आलं की कुणाचेच ओठ हलले नव्हते.